साठीच्या दिवशी घराला कुलूप

सन दोन हजार तीन. जूनच्या एक तारखेला मला साठ पुरी झाली. झाली असं म्हणायचं, कारण ती तारीख माझी नाही, मास्तरांची आहे. शाळेत घालताना मास्तरांनी आईला विचारलं, पोरगं कधीचं? आई म्हणाली, आखाजी होऊन गेली होती आणि वळीव पडायचा होता. मास्तरांनी एक जून लिहून टाकली. आमच्या वर्गातली निम्मी पोरं एक जूनचीच. मी तिसरीतून शाळा सोडली, पण ती तारीख मात्र जन्मभर अंगाला चिकटून राहिली.

आत्ता पुन्हा तेच दिवस आलेत. द्राक्षं कधीच संपली. छाटणी झालेल्या बागांना कोवळी, पोपटी फूट आलीय. पिंपळगावच्या बाहेर हायवेला कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागते आणि कांद्याची वाळकी टरफलं वाऱ्यानं उडत उडत आमच्या ओट्यापर्यंत येतात. जांभळट, पातळ, हातात धरली तर दिसणारही नाहीत अशी. नातवंडं त्यांच्यामागं पळतात. मी ओट्यावर बसून बघतो. लोकांना वाटतं म्हातारा निवांत बसलाय. सहासष्ट वय झालं, तरी ह्या टरफलांची सळसळ ऐकली की मी अजून दाराच्या कुलपाकडं बघतो, हे कुणाला माहीत नाही. हिला माहीत असेल. हिला सगळंच माहीत असतं.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडं गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरतात. मातीची नवी घागर, तोंडावर खरबूज नाहीतर आंबा, पुढं आमरसाचं नि सांजोऱ्यांचं ताट. पहिली घागर बापाची. तिच्या शेजारी चौऱ्याण्णव सालानंतर दुसरी आली, थोरल्या भावाची. दादा म्हणायचो त्याला. मी दोन्ही घागरींना गंध लावायचो आणि नजर आपोआप शेजारच्या रिकाम्या जागेवर जायची. तिथं नुसती सारवलेली जमीन असायची. पण मला ती जागा कुणीतरी धरून ठेवल्यासारखी दिसायची.

बाप घरामागच्या कांदा साठवायच्या चाळीत गेला. भर वैशाखात. त्याचं खरं वय कुणालाच ठाऊक नव्हतं, पण तो गेल्यावर सगळं गाव म्हणालं, साठीतच होता. दादाचं वय मात्र कागदावर होतं. तो सातपूरला कारखान्यात होता. निवृत्त झाला, सत्कार झाला, मग पंचवटीत भटजी बोलावून साठीशांत केली. साठावं वर्ष जड असतं म्हणून ती करतात. होम झाला, तुपात चेहरा बघितला, जेवणावळ झाली. सत्काराचा हार खिडकीच्या गजाला लटकत होता, तो पुरता सुकलाही नव्हता, तोवर दादा गेला.

त्याला पोचवायला गेलो तेव्हा मागं कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, ह्यांच्या घरातला बाप्या साठी ओलांडत नाही. मी वळून बघितलं. सगळे माझ्याकडं बघत होते आणि मी बघताच सगळ्यांनी माना खाली घातल्या. जन्मभर टेम्पो चालवलाय मी. मागून येणारी गाडी हॉर्न देत असली तर तिचं भय वाटत नाही. भय वाटतं ते आरशात नुसती दिसत राहणाऱ्या गाडीचं. पुढंही जात नाही, मागंही राहत नाही. त्या दिवसापासून तशी एक गाडी माझ्या आरशात होती.

आणि साठावं लागलं.

वाढदिवसाचा विषय काढला सुनेनं. मनीषा नाशकातली, बारावी शिकलेली. संध्याकाळी जेवणं चालली होती.

"नाना, साठावा वाढदिवस मोठा असतो. माझ्या पप्पांचा आम्ही हॉल घेऊन केला होता."

"हॉल घ्यायला आपण काय बंगलेवाले हाय का?" नंदू म्हणाला. नंदू माझा मुलगा. तेव्हा सातपूरला एका लहानशा वर्कशॉपात होता.

"हॉल नको नि बिल नको," नंदूची आई म्हणाली. "पंचवटीत जाऊन शांत करून घ्या."

"दादानं केली होती की," मी म्हटलं.

हिनं उचललेला घास परत ताटात ठेवला. मग मीच म्हटलं, "शांत नाय, हॉल नाय. द्राक्षं संपलीत, गाडी मोकळी हाय. समुद्र बघायला जाऊ."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. हिनं तोवर समुद्र बघितलेला नव्हता. मीही मालाबरोबर मुंबईला जाऊन आलेलो, पण मार्केटाच्या फाटकातून आत नि फाटकातून बाहेर.

"अन् ऱ्हायचं कुठं?" ही म्हणाली.

"गाडीत. मागं गाद्या टाकू."

"खायचं काय?"

"तुझ्या हातच्या भाकरी. स्टो घेऊ संगं."

नंदू हसायला लागला. "म्हंजी डिझेल सोडलं तर सगळं फुकट."

"डिझेल बी उताराला लागत नाय," मी म्हटलं. सगळे हसले. मीही हसलो. लोकांना वाटलं नाना सुधारला.

पण माझ्या मनात काय होतं ते मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. मी म्हटलं, बाप घरी गेला, दादा घरी गेला. शांत न करता एक गेला, करून दुसरा गेला. म्हणजे त्याचा काही उपयोग नाही. आता एकच राहिलं. त्या दिवशी घरात सापडायचंच नाही. येणारा आला तर दाराला कुलूप बघून माघारी जाईल. आज वाचताना हसू येईल कुणाला. हसा. साठाव्याची धास्ती आणि आरशात ती गाडी, असं घेऊन नऊ वर्षं काढा, मग हसा.

एक जूनला पहाटे निघालो. कुलूप लावलं आणि दोनदा ओढून बघितलं. चोर येऊ नये म्हणून आजवर लावत होतो. त्या दिवशी लावलं ते त्या येणाऱ्यासाठी. नंदू नि मनीषा मागं, द्राक्षाचे क्रेट उपडे घालून त्यावर गादी टाकलेली, वर ताडपत्री. पुढं मी आणि ही. हिच्या मांडीवर केकचा खोका. नंदूनं पिंपळगावच्या बेकरीतून आणलेला, वर क्रीमनं "नाना ६०" लिहिलेलं. मागं धक्के बसतील म्हणून पुढं दिला होता. पण पुढं इंजिनाची ऊब. आडगाव येईस्तोवर "नाना" वितळून पिवळा ओघळ झाला. नुसते साठ उरले. ही म्हणाली, "अगं बाई, नाव गेलं." आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

गोदावरीच्या पुलावरून जाताना पंचवटी दिसली. घाटावर आंघोळीची गर्दी, भाजीच्या हातगाड्या, रिक्षांची ओरड. हिनं खिडकीतून हात जोडले. "थांबता का जरा?" म्हणाली. मी गिअर बदलला. थांबलो असतो तर भटजी भेटला असता, त्यानं पत्रिका विचारली असती, माझ्याकडं मास्तरांची तारीख. मी थांबलो नाही. हिनं पुलाच्या शेवटापर्यंत मान वळवून बघितलं.

त्र्यंबक मागं पडलं आणि डोंगर सुरू झाले. तिकडच्या त्या उन्हाळ्याची चव अजून जिभेवर आहे. शेतात भाताच्या रोपांसाठी पालापाचोळ्याचा राब जाळलेला, जागोजागी काळे चौकोन, त्यातून कुठं कुठं धूर. हवेत राखेचा, करवंदांचा, वाळक्या पाचोळ्याचा वास. आमच्याकडची जमीन सपाट, बागांच्या सरळ रांगा. इथं रस्ता डोंगराच्या कुशीत शिरतो नि कुठं निघेल ते सांगता येत नाही. मी ह्या घाटातून माल घेऊन गेलोय. वळणं पाठ होती. तरीही त्या दिवशी प्रत्येक वळणापलीकडं कुणीतरी उभं असेल असं वाटत होतं. हात दाखवून गाडी थांबवेल आणि म्हणेल, कुलूप बघून आलो.

मोखाड्याकडं घाट उतरायला लागलो आणि डाव्या हाताला मुंग्या आल्या.

मी हात झटकला. गिअर त्याच हातानं टाकायचा. मुंग्या कोपरापर्यंत चढल्या, मग जबडा आवळून आला, दाढ दुखते तसा. कपाळावर घाम आला. उन्हाचा घाम कोमट असतो, हा गार होता. पुढचा रस्ता लांब गेल्यासारखा दिसायला लागला, नळीतून बघावं तसा. जळका वास आला तेव्हा ध्यानात आलं, गिअरवर उतरायचं सोडून मी ब्रेकवर पाय दाबून धरलाय. बाजूला दरी. मागं माझा मुलगा, माझी सून. मी डोंगराच्या अंगानं गाडी घेतली आणि मातीला चाक टेकवून उभी केली. इंजिन बंद केलं. एकदम शांतता. करवंदीच्या जाळीत कुठंतरी पाखरू ओरडत होतं.

नंदू उडी मारून पुढं आला. "काय झालं नाना?"

"काय नाय. ब्रेकचे लायनर तापलेत."

हिनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं बघितलं नाही.

रस्त्याच्या कडेला एक म्हातारी पळसाच्या पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसली होती. ती उठून आली, माझ्या खिडकीशी उभी राहिली. तिकडं सगळ्यांना अरे-तुरेच. म्हणाली, "बाबा, तुझं तोंड पांढरं पडलंय. उतर, सावलीला बस."

"उन्हानं," मी म्हटलं.

"ऊन मला पण हाय," ती म्हणाली.

सावलीत बसलो. नंदू ब्रेक थंड व्हायची वाट बघत होता. मनीषानं स्टो पेटवला. मी म्हटलं साखर मी काढतो, म्हणजे कुणी माझ्याकडं बघत बसणार नाही. हिच्या पिशवीत हात घातला तर साखरेच्या डब्याखाली ओल्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी लागलं. सोडलं. तुळशीची पानं होती. आणि तोंड मेणानं बंद केलेली गंगाजळाची कुपी.

ही बघत होती.

मी म्हटलं, "सहलीला आलीस का मला पोचवायला?"

तिनं डोक्यावरचा पदर नीट केला. मग म्हणाली, "दोन्ही एका गाडीत होत असंल तर डिझेल वाचंल."

आम्ही दोघंही हसलो. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ती ते पदरानं पुसत हसतच राहिली. मनीषानं विचारलं, "काय झालं आई?" म्हणाली, "तुझा सासरा विनोद करतो गं." मी फडकं होतं तसं गुंडाळलं, होतं तिथं ठेवलं आणि साखर काढून दिली.

त्या कुपीचं मला अजूनही नवल वाटतं. मला वाटत होतं माझी भीती माझ्यापाशी आहे, लपवून ठेवलेली. आणि ही आदल्या दिवशी, मी अंगणात टायर बघत असताना, तुळशीवृंदावनापाशी उभी राहून एकेक पान खुडत होती. काय वाटलं असेल तिला? भाकरी थापल्या, चटणी कुटली, आणि त्याच हातानं ते बांधलं. मी पळून जायला निघालो होतो. ती जे येईल त्याला तोंड द्यायला निघाली होती. आणि एकाच गाडीत बसून दोघं दात काढत होतो.

"नाना, मी घेतो गाडी," नंदू म्हणाला.

"तू वर्कशॉपात नट पीळ. घाट माझा हाय."

त्यानं आईकडं बघितलं. आईनं जाऊ दे म्हणून मान हलवली. पोरगा मुकाट मागं चढला.

पुढचा सगळा रस्ता ही बोलत होती. लग्न झाल्यापासून इतकं बोलली नसेल. अहो, ते झाड कसलं? अहो, ह्या लोकांची घरं कुडाची का असतात? अहो, जव्हारला राजा होता म्हणे, खरं का? मी चिडून म्हटलं, "झाड हाय, झाडासारखं झाड. काय इचारती?" ती म्हणाली, "बरं बरं," आणि परत थोड्या वेळानं, "अहो, ते पाखरू कुठलं?" जव्हार गेलं, उतार संपला, ताडाची झाडं दिसायला लागली, हवा चिकट झाली, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. तिला झाडाचं नाव नको होतं. मी उत्तर देतो का, एवढंच तिला बघायचं होतं. जबडा ठणकत होता, हाताला वजन बांधल्यासारखं झालं होतं. तरी मग मी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर द्यायला लागलो. माहीत नसलेल्या झाडांनाही नावं दिली.

समुद्र दिसला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. सुरूच्या झाडांखाली गाडी लावली. वारा असा, की ताडपत्री फडफडून सुटेल. नंदू नि मनीषा पाण्याकडं पळाले, लहान पोरांसारखे. ही गाडीतून उतरून नुसती उभी राहिली. बराच वेळ. मला वाटलं डोळे भरून बघतेय. मग म्हणाली, "एवढं मोठं असतं होय? मला वाटलं होतं पलीकडचा काठ दिसंल."

नंदूनं केकचा खोका उघडला. क्रीमचा पार चिखल झालेला. "हॅपी बर्थडे नाना," म्हणत त्यानं बोटानंच एक घास माझ्या तोंडात घातला. मनीषानं टाळ्या वाजवल्या. शेजारी ताडगोळे विकणाऱ्या माणसानं चौकशी केली, कुणाचा वाढदिवस, आणि एक ताडगोळा सोलून माझ्या हातावर ठेवला. गार, पाणीदार, डोळ्याच्या बुबुळासारखा. माझ्यानं गिळवेना.

पोरं परत पाण्याकडं गेली. आम्ही दोघं क्रेटवर बसलो. सूर्य पाण्यावर टेकला होता. मी मनात म्हणत होतो, हा बुडाला की एक तारीख संपली. संपली की सुटलो.

तेव्हा ही बोलली. पाण्याकडं बघत, हळू.

"मामंजी चाळीत बसले होते. पाणी मागितलं. मी तांब्या दिला, इचारलं, काय होतंय? म्हणले, काय नाय. दुपारी गेले. मोठे भाऊजी सकाळी छाती चोळत होते. जाऊबाईंनी इचारलं. काय नाय म्हणले. आज घाटात तुमी."

मी डावा हात मांडीखाली सरकवला.

"लोक म्हणत्यात तुमच्या घरातली माणसं साठीनं मरत्यात. साठीनं नाय मरत. हट्टानं मरत्यात. दुखतंय म्हणायला तुमची जीभ झडती."

असं ती मला कधी बोललेली नव्हती. दुसरी वेळ असती तर मी उठून गेलो असतो. पण उठायला हात टेकवला तर त्यात जोर नव्हता, म्हणून बसून राहिलो. सूर्य बुडाला. पाणी काळं झालं. ज्याची वाट बघत मी नऊ वर्षं काढली तो दिवस संपला, आणि मला काहीच हलकं वाटलं नाही. मी तारखेपासून पळालो होतो. आणि माझ्या अंगात जे होतं ते माझ्यासंगं गाडीत बसून, सगळे डोंगर उतरून आलं होतं. त्याला कुलूप कुठं लावणार?

खरं सांगू, मला मरणाची भीती नंतर वाटली. आधी वाटली ती लाजेची. आपल्याला दुखतं हे पोराला कळेल. सून बघेल. ज्याच्या ओरडण्याला घर घाबरतं त्याला कुणीतरी दंडाला धरून उठवेल. बापालाही तीच लाज वाटली असेल, दादालाही. दादानं भटजीसमोर तुपात आपला चेहरा बघितला होता, त्यात त्याला काय दिसलं असेल? कधी विचारलं नाही. तोही सांगणार नव्हता. आमच्या घरात पुरुष माणसाचं कुणी काही विचारत नाही आणि पुरुष माणूस काही सांगत नाही. ह्याला आम्ही जरब म्हणत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली तर समुद्र मागं सरकला होता. आदल्या संध्याकाळी पाणी होतं तिथं चिखल, चिखलात बगळे, आणि पाणी पार लांब, एक चकाकती रेघ. दोन तारीख. कागदाच्या हिशेबानं मी सुटलेला माणूस होतो. हाताचं वजन मात्र तसंच होतं, आणि छातीवर कुणीतरी गुडघा रोवून बसल्यासारखं.

नंदू सुरूच्या झाडाखाली सतरंजीवर झोपला होता. मी त्याला हलवून उठवलं आणि चावी त्याच्या हातात दिली. म्हटलं, "ह्या गावात दवाखाना असंल. चल." तो उठून बसला. चावीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. पायात चपला सरकवल्या. मी गाडीला वळसा घालून डाव्या दारानं चढलो. त्या दारानं मी त्या गाडीत कधीच चढलो नव्हतो. मनीषा दाराशी येऊन थांबली, ही केस बांधत धावत आली आणि आमच्या दोघांच्या मध्ये बसली. "काय होतंय?" म्हणाली.

मी पोरादेखत, सुनेदेखत तिचा हात धरला, माझ्या छातीवर ठेवला आणि म्हटलं, "इथं दुखतंय. कालपासनं."